वेनराइट केक

किटलीची शिट्टी वाजायच्या आत ओपलने ती शेगडीवरून उचलली. बैठकीच्या खोलीत मालिका पुन्हा सुरू झाल्याचं संगीत ऐकू येत होतं, आणि अशा वेळी शिट्टी वाजली की प्रिसिला तिथूनच 'शूऽऽ' करत असे, स्वयंपाकघरात मांजर शिरावं तसं.

"इझाबेलने पत्र फाडलं का ग?" ओपलने दारातून हळूच विचारलं.

"थांब, आल्यावर सांगते," डॉट म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नाही.

आल्यावर कोणी काही सांगत नसे, हे ओपलला नऊ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिने चहादाणीत पाणी ओतलं, चार कप ट्रेमध्ये मांडले, आल्याच्या केकचे तुकडे केले आणि ट्रे घेऊन ती खोलीत गेली, तेव्हा लेडी इझाबेल खिडकीशी उभी होती आणि शेकोटीत कागदासारखं काहीतरी जळत होतं. म्हणजे फाडलं नव्हतं, जाळलं होतं. नेमका जाळतानाचा चेहरा बघायचा राहिला.

इतर वेळी 'हॅरोबी हॉल' सलग चाले, आणि चहाची आठवण प्रिसिलाला मध्येच कधीतरी होई. पण ही वाहिनी प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालायची आणि मार्च महिना आला की मालिका मध्येच थांबवून स्वेटरातले निवेदक पैसे मागायला उभे राहायचे. चार-पाच मिनिटं तेच चालायचं. मध्यांतर झालं की प्रिसिला हात-पाय ताणून म्हणायची, "आता चहा झाला तर काय बहार येईल," आणि तिघीही ओपलकडे बघायच्या. सांगत कोणी नसे, नुसत्या बघत. पाणी उकळायला लागायचा तेवढा वेळ लागायचाच, आणि मालिका काही ओपलसाठी थांबत नसे.

तरी ती दर रविवारी येत असे. तिचं घर टेकडीच्या आडोशाला होतं. तिथे छपरावर कितीही उंच अँटेना लावला तरी त्या वाहिनीवर मुंग्याच दिसायच्या, आणि मुंग्यांमधून लेडी इझाबेलचा रेशमी झगा ओळखणं म्हणजे तारेवरची कसरत. प्रिसिलाचं घर समुद्राकाठी, उघड्यावर. तिच्याकडे चित्र असं स्वच्छ यायचं की झग्याची टीप मोजून घ्यावी.

डॉट आणि मॅरियनला वाटे की ओपलला मालिकेतलं स्वयंपाकघर आवडत असणार. गोल चेहऱ्याची, सदा हसणारी मिसेस टब पडद्यावर आली की डॉट कोपराने ढोसून म्हणायची, "बघ, तुझी आली." ओपल हसून वेळ मारून नेई. खरं सांगायचं तर मिसेस टब तिला मुळीच आवडत नसे. एवढ्या मोठ्या घरचा स्वयंपाक करणारी बाई दिवसभर हसते, हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात कधी बटाटे सोलले नसणार. ओपलला आवडायचा तो दिवाणखाना. तिथे माणसं बसून बोलायची, एकमेकांना सभ्यपणे टोमणे मारायची, आणि चहा आपोआप यायचा. तो कोणी आणला हे बघायला कॅमेरा वळायचासुद्धा नाही. रविवारी एक तासभर त्या खुर्च्यांमध्ये बसावं, एवढीच तिची हौस होती.

त्या संध्याकाळी भाग संपल्यावर प्रिसिलाने दिवा लावला आणि कपाटातून टिश्यू कागदात गुंडाळलेली पुडकी काढली. पुढच्या रविवारी मालिकेचा यंदाचा शेवटचा भाग होता आणि दर वर्षीप्रमाणे सगळ्यांनी नटून बसायचं ठरलं होतं. डॉटच्या पुडक्यातून पिसांचा पंखा निघाला. मॅरियन गावच्या ग्रंथालयात होती, तिला कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे. स्वतःसाठी प्रिसिलाने आईचा मोत्यांचा सर काढून ठेवला होता.

"उघड ना ग," ती ओपलला म्हणाली. "तुझं तर सगळ्यात खास आहे."

आत एप्रन होता. पांढरा, लांब, कडक इस्त्रीचा, छातीवर निळ्या दोऱ्याने भरलेलं वेनराइटांचं अक्षर.

"माळ्यावरच्या पेटीत मिळाला," प्रिसिलाचे डोळे खरोखरच चमकत होते. "बर्टीचा आहे, ओपल. तुझ्या आईचा. इतक्या वर्षांनी, आणि बघ, एक डाग नाही. पुढच्या रविवारी तू हा घालायचास आणि केक घेऊन आत यायचंस. आम्ही काय, नुसत्या नाटकी. आपल्यातली खरीखुरी तूच."

"मी पोस्टात होते, प्रिसिला," ओपल म्हणाली. "छत्तीस वर्षं. शेवटची अकरा पोस्टमास्तर."

"अगं हो, पण ते रक्तात असतं ना."

ओपलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोरची बाई एवढ्या प्रेमाने बघत होती की शिव्या द्यायलाही जागा ठेवली नव्हती. तिने एप्रन पुन्हा होता त्याच घडीवर घडी केला आणि टिश्यू कागदात गुंडाळला.

"केक काय सुरेख झालाय आज," मॅरियन शेवटचा तुकडा उचलत म्हणाली.

"आमच्या घरचीच कृती आहे ती," प्रिसिला म्हणाली. "पुस्तकात दिलीय मी."

पुस्तक म्हणजे चर्चच्या बायकांनी छापलेलं पाककृतींचं पुस्तक. पान एकेचाळीस: 'वेनराइट केक. प्रिसिला वेनराइट यांच्याकडून.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा. काकवी आणि आलं घालून केलेला तो काळसर केक ओपलच्या आईने त्या घराच्या चुलीवर एकतीस उन्हाळे केला होता. प्रिसिलाच्या आईने एकदा तिला पुढ्यात उभं करून कृती कार्डावर उतरून घेतली. ओपल तेव्हा सात वर्षांची होती, पिठाच्या पिंपावर बसून पाय हलवत होती. आईने काकवी सांगितली, आलं सांगितलं, लोणी, अंडी, मैदा, सोडा सगळं मापात सांगितलं, आणि एक जिन्नस सांगितलाच नाही. घरी जाताना वाटेत ओपलने तिला आठवण करून दिली, तर आई म्हणाली होती, "सगळंच सांगून टाकलं तर आपली गरज काय उरली?" गावात पुस्तकावरून तो केक कितीजणींनी करून पाहिला. सगळ्यांचा दगड झाला. म्हणून तर दर रविवारी ओपलने करून आणायचा.

घरी आल्यावर तिने एप्रन टेबलावर पसरला. त्याला लव्हेंडरचा वास येत होता. आईच्या एप्रनला कांद्याचा, धुराचा आणि व्हॅनिलाचा यायचा. डावा बंद उजव्यापेक्षा वीतभर आखूड होता. चुलीत जळला होता तो, आणि आईने जळकं टोक कापून पुन्हा शिवलं होतं. टाके तिचेच, तिरपे आणि घाईघाईचे. ओपलने त्यावरून बोट फिरवलं. मग शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेतली आणि छातीवरचं निळं अक्षर उसवायला बसली. दोरा सगळा निघाला. भोकं मात्र राहिली, आणि दिव्यापुढे धरलं की त्या भोकांतून अक्षर तसंच्या तसं वाचता यायचं.

वाहिनीचं पत्र ती दर वर्षी नुसतं वाचून ठेवून देत असे. वर्गणी भरणाऱ्यांना ते यायचंच: रविवारी संध्याकाळी फोन घ्यायला स्वयंसेवक हवेत. यंदा गुरुवारी तिने नंबर फिरवला. शनिवारी प्रिसिलाला फोन केला.

"मला सर्दी झालीय. उद्या जमायचं नाही."

"अरे देवा," प्रिसिला म्हणाली. "मग केक?"

"पुस्तकात आहे ना. पान एकेचाळीस."

स्टुडिओ ओपलला वाटला होता त्यापेक्षा खूपच लहान निघाला. पडद्यावर निवेदकांमागे जो भव्य दिवाणखाना दिसायचा तो एक कोपरा होता, त्यात दोन खुर्च्या आणि खोटी फर्नची कुंडी. समोर पायऱ्यांसारख्या दोन रांगांत बारा फोन मांडले होते. ओपलला मागच्या रांगेत जागा मिळाली. शेजारी हस्किन्स नावाचे एक उंच गृहस्थ होते. बेटांवर जाणारी फेरीबोट त्यांनी चाळीस वर्षं चालवली होती आणि आता टायमध्ये अवघडून बसले होते.

फोनवाल्यांची व्यवस्था जॅनिस नावाच्या बाईकडे होती. तिने कार्बन लावलेल्या फॉर्मचे गठ्ठे वाटले.

"देणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं. टोपणनाव चालणार नाही. कोणाच्या स्मरणार्थ देत असतील तर त्यांचंही पूर्ण नाव, ते आम्ही वाचून दाखवतो. लिहून झालं की फोनवर परत वाचायचं, चूक नको. मालिका चालू असेल तेव्हा फोन फारसे येत नाहीत, तेव्हा खुशाल बघा. आणि जागेवरून उठायचं नाही. कॅमेरा कधीही फिरतो."

पूर्ण नावांचं ओपलला काही नवं नव्हतं. गावातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव तिला पाठ होतं. कोणाला मधलं नाव का आवडत नाही, कोणाच्या दुसऱ्या बायकोची पत्रं कोणत्या आडनावाने येतात, हेही. प्रिसिलाचंच घ्या. दोन लग्नं केली, दोन्ही मोडली, चार वेळा पाटी बदलली आणि शेवटी वेनराइट ती वेनराइटच राहिली. ती प्रत्येक पाटी ओपलने स्वतःच्या हाताने पोस्टाच्या खणावर चिकटवली होती.

साडेआठला संगीत सुरू झालं. कॅमेऱ्याशेजारी मोठा पडदा होता आणि चित्र समुद्राकाठच्या घरापेक्षाही स्वच्छ होतं. ओपल खुर्चीत मागे टेकून बसली. लेडी इझाबेलने बिशपच्या पुतण्याला नकार दिला तो संपूर्ण प्रसंग तिने पाहिला, एक शब्दही न चुकता. नकार देताना इझाबेल हातमोज्याचं बटण लावत होती. हे बटण चहा करताना कधी दिसलं असतं? ओपलला एकदम इतका आनंद झाला की तिने हस्किन्सना कोपराने ढोसलं.

"बटण पाहिलंत?"

"पाहिलं की," ते म्हणाले. "निर्दय बाई आहे."

पहिलं मध्यांतर झालं, फोन खणखणले आणि थांबले. मग ओपलच्या लक्षात आलं की आपण उठलोय, आणि हस्किन्सचा व पुढच्या बाईचा रिकामा कप आपल्या हातात आहे.

"अहो, बसा तुम्ही," जॅनिस ट्रे घेऊन येत होती. तिने दोन्ही कप ओपलच्या हातातून काढून घेतले. "तुम्ही पाहुण्या आहात. दूध की लिंबू?"

ओपल परत खुर्चीत बसली.

"दूध," ती म्हणाली. "आणि साखर दोन चमचे."

दुसऱ्या भागात इझाबेल घर सोडून इजिप्तला निघाली. जायच्या आधी ती जिना उतरून स्वयंपाकघरात आली. मिसेस टब हात पुसत उठली. इझाबेलने तिला मिठी मारली, म्हणाली, "माझी खरी आई तूच होतीस, मिसेस टब," आणि व्हायोलिनं वाजू लागली. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक शिंकरलं. ओपलला मात्र भयंकर राग आला. नऊ वर्षं ही मालिका चालू होती. घोड्यांनासुद्धा नावं होती त्यात, राजांच्या नावांवरून ठेवलेली. या बाईचं पहिलं नाव काय? एकदाही, एकाही माणसाने घेतलं नव्हतं. खरी आई म्हणे. आईचं नाव तरी माहीत असतं माणसाला.

तोवर निवेदक पुढे आले आणि म्हणाले की असे क्षण तुमच्याच उदारपणामुळे घरोघरी पोचतात. फोन वाजू लागले. बारा फोनांतला ओपलचाच वाजायला हवा होता असं नाही, पण वाजला.

"फोन केल्याबद्दल आभारी आहोत. आपलं पूर्ण नाव सांगता का?"

"प्रिसिला ॲबट वेनराइट."

ओपलचं पेन थांबलं. मग चालू झालं. तिचा पोस्टाच्या खिडकीतला आवाज होता एक, कोरडा आणि सभ्य. निवृत्त झाल्यावर वापरला नव्हता, पण गंजलाही नव्हता.

"कोणाच्या स्मरणार्थ द्यायचं आहे का, बाई?"

"हो ना, म्हणून तर केला फोन. आत्ताचा प्रसंग पाहिलात? मला तर रडूच आवरेना. आमच्याकडेही अगदी अशीच होती हो एक. बर्टी. एकतीस उन्हाळे स्वयंपाकाला होती. नोकर असं कधी मानलंच नाही आम्ही. घरचीच."

"पूर्ण नाव?"

"बर्टी."

"आडनाव, बाई?"

पलीकडून प्रिसिलाच्या भिंतीवरच्या घड्याळाचा ठोका ऐकू आला. तो ओपल कुठेही ओळखू शकली असती.

"आम्ही सगळे बर्टीच म्हणायचो," प्रिसिला म्हणाली.

"फॉर्मवर पूर्ण नाव लागतं."

रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज आला, पण प्रिसिलाचा हात लहान होता.

"मॅरियन, ओपलचं माहेरचं आडनाव काय ग?"

"मला काय ठाऊक? ओपलला विचार."

"तिला सर्दी झालीय."

"आणि या केकचं काय करू?" हा डॉटचा आवाज. "सुरी मोडेल आता."

प्रिसिला फोनवर परत आली. "असं करा, नुसतं 'आमची लाडकी बर्टी' लिहा."

"तसं लिहिता येत नाही."

"मग तुम्हीच घाला हो काहीतरी. नावात काय मोठंसं? भावना महत्त्वाची."

ओपलने एकदा डोळे मिटून घेतले. एकतीस उन्हाळे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पहाटे पाचला मागच्या दाराने आत, अंधार पडल्यावर मागच्या दाराने बाहेर. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे डाग. हिवाळ्यात हात इतके आखडायचे की ओपलच्या वेण्या शेजारीण घालून द्यायची. आणि या पोरीला, जिला आईने चमच्याने भरवलं होतं, आडनाव माहीत नाही. कधी विचारावंसंही वाटलं नाही.

"लिहिते मी," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे तुम्हाला परत वाचून दाखवायला हवं."

"नको नको, सुरू होतंय," प्रिसिला म्हणाली आणि फोन ठेवला.

ओपलने मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं. पेन असं दाबलं की कार्बनखालच्या तिन्ही प्रतींवर ते सारखंच उमटलं. मग हात वर केला. जॅनिस येऊन फॉर्म घेऊन गेली.

पुढच्या भागात बोट निघाली, रुमाल हलले, हॅरोबी हॉलच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. ओपल बघत होती, पण खरं तर शेवटच्या मध्यांतराची वाट बघत होती. मालिकेतल्या कुठल्याच प्रसंगाची तिने अशी वाट पाहिली नव्हती.

निवेदकांनी चष्मा लावला आणि यादी हातात घेतली. कोणी कुत्र्याच्या स्मरणार्थ दिलं होतं, कोणी नवऱ्याच्या. मग ते म्हणाले, "प्रिसिला ॲबट वेनराइट यांच्याकडून, श्रीमती बर्था लुईस पिंकहॅम यांच्या स्मरणार्थ." नाव भारदस्त वाटलं म्हणून असेल, पण त्यांनी ते सावकाश वाचलं, प्रत्येक शब्द वेगळा करून. आईचं नाव इतक्या मोठ्याने कोणी घेतलेलं ओपलने फक्त दफनाच्या दिवशी ऐकलं होतं.

"आणि हे आमचे स्वयंसेवक," निवेदक म्हणाले. कॅमेरा रांगांवरून फिरू लागला. वरचा लाल दिवा आपल्यावर आला तेव्हा ओपलने मान खाली घातली नाही. तिने कप उचलला आणि चहाचा घोट घेतला.

एका मिनिटाच्या आत हस्किन्सचा फोन वाजला. त्यांनी नाव लिहायला पेन उचललं, थोडं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि रिसीव्हर ओपलपुढे धरला.

"तुमच्यासाठी आहे. मागच्या रांगेतली निळ्या स्वेटरची बाई हवीय म्हणतात. वर्गणीचं काही नाही."

ओपलने तो कानाला लावला. पलीकडच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि दुसरं कोणी बोलत नव्हतं.

"ओपल? तू तिथे काय करतेयस? तुझी सर्दी?"

"बरी झाली."

"मघाशी फोनवर तूच होतीस."

"मीच."

"मला खरंच माहीत नव्हतं ग. लुईस वगैरे."

"आणि पिंकहॅम?"

प्रिसिला म्हणाली, "चिडलीस?"

"हो."

"एप्रनवरून? अगं, मी तर प्रेमाने..."

"एप्रनवरून. केकवरून. नऊ वर्षांच्या चहावरून. मला नीट चिडू दे, प्रिसिला, मध्ये बोलू नको." हस्किन्स पडद्याकडे बघत असल्यासारखे बसले होते, पण त्यांचा कान इकडेच होता. "तुझ्याकडे मी मालिका बघायला येते. आज पहिल्यांदा अख्खी पाहिली."

"मला वाटायचं तुला स्वयंपाकघरात बरं वाटतं."

"कधी विचारलंस?"

व्हायोलिन वाजायला लागलं होतं. दोन्हीकडून एकच, फोनमधलं जरासं मागे पडलेलं. ओपलला वाटलं, आता ठेवील. प्रिसिलाने ठेवला नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज लहान झाला होता.

"केकचा दगड झाला."

"होणारच."

"सगळं मापात घातलं होतं. कार्डावर आहे तसं."

"कार्ड अपुरं आहे. आईने एक जिन्नस तुझ्या आईला सांगितलाच नव्हता."

"मला सांगशील?"

ओपलने समोरच्या कोऱ्या फॉर्मकडे पाहिलं.

"पुस्तक आण," ती म्हणाली. "आणि पेन. पेन्सिल नको."

खण उघडल्याचा, कशाला तरी धडकल्याचा, मग पानं उलटल्याचा आवाज आला. "एकेचाळीस. आणलं."

"वर जे नाव छापलंय ते खोड. तुझंही. आता मी सांगते ते लिही."

तिने एकेक शब्द सांगितला आणि मध्ये थांबत गेली. कागदावर पेन सावकाश चालल्याचं तिला ऐकू येत होतं. पडद्यावर शेवटची नावं सरकायला लागली होती. पुढच्या रांगेतले स्वयंसेवक कोट घालत होते. हस्किन्स जागचे हलले नव्हते.

"लिहिलं," प्रिसिला म्हणाली.

"वाचून दाखव."

"बर्था," प्रिसिलाने वाचलं. "लुईस. पिंकहॅम यांचा केक."

"बरोबर," ओपल म्हणाली. "आता खाली लिही. काळी कॉफी, अर्धा कप. गार झालेली."